मग ते गेले कुठे?

पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या जोयडा तालुक्यातील ओहोळांना चहाचा रंग येतो. जुन्या घरांतून अशा वेळी निवळीचे बी उपयोगास येत असे. मातीच्या भांड्याच्या आतल्या अंगास ते थोडे उगाळावयाचे, वरून पाणी ओतावयाचे आणि रात्रभर भांड्याला धक्का लागू द्यावयाचा नाही. सकाळी वरचे पाणी आरशासारखे दिसे. सुश्रुतसंहितेत या झाडाला कतक म्हटले असून पाणी स्वच्छ करण्याचा त्याचा गुण तेथे सांगितला आहे. ज्या घरी निवळी नसे तेथे तुरटीचा खडा फिरवीत. दोहोंचे कार्य जवळजवळ सारखेच. पाण्यात तरंगणारे मातीचे बारीक कण एकमेकांना बिलगतात, जड होतात आणि तळाशी बसतात.

यंदा नववीच्या वर्गात पाठाच्या ओघात आम्ही ही हकीकत सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मागीर तें खंय गेलें?” आमच्या शाळेत मुले उत्तरे मराठीत देतात, परंतु कुतूहल अनावर झाले की प्रश्न कोकणीत विचारतात. आमचीही मातृभाषा तीच असल्याने आम्ही त्यास हरकत घेत नाही. मग ते गेले कुठे? आम्ही म्हणालो, “तळाशी.” “आणि तळातले?” “ते परसात ओतावयाचे.” “आणि परसातले?” इतक्यात घंटा झाली.

आम्ही कलाशाखेचे. शब्दांच्या व्युत्पत्तीत जितका जीव रमतो तितका तो परीक्षानळीत रमत नाही. परंतु या प्रश्नाने आम्हांस स्वस्थ बसू दिले नाही. विज्ञान शिकविणाऱ्या सहकाऱ्यांना गाठले, थोडे वाचले, आणि ध्यानात आले की दूषित झालेली जमीन व जमिनीखालचे पाणी स्वच्छ करण्यासाठी जगातील विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून जे संशोधन चालते, त्याच्या मुळाशी नववीतल्या त्या मुलाचाच प्रश्न उभा आहे.

घरच्या भांड्यातला गाळ परसात ओतला तर काही बिघडत नाही. मातीत माती मिळाली. पण गाळाच्या जागी शिसे असेल, पारा असेल, कारखान्यातले द्रावक असेल, तर परसात ओतून ते संपत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर ते खाली उतरते आणि भूजलास मिळते. विहीर ही टाकी नव्हे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. टाकी घासून पुन्हा भरता येते. विहीर ही भूजलाला पाडलेली एक खिडकी आहे. तिच्यातून दिसणारे पाणी मातीच्या कणांमधून आणि खडकाच्या भेगांमधून चालत आलेले असते, कित्येकदा दिवसाला हातभरसुद्धा न सरकता. म्हणून विष विहिरीत येते ते फार उशिरा, आणि आल्यावर जाण्याचे नाव घेत नाही. बंगालमध्ये लोकांनी तळ्यांचे घाण पाणी सोडून कूपनलिकांचे पाणी घेतले. ते काचेसारखे स्वच्छ दिसे. १९८३ साली कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेतील डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी त्वचेवर डाग पडलेल्या खेडुतांची दुखणी तपासली, तेव्हा त्या निर्मळ पाण्यात आर्सेनिक असल्याचे उघड झाले. ते कोणी टाकलेले नव्हते. भूगर्भातील गाळातूनच ते पाण्यात उतरत होते. आर्सेनिक म्हणजे आमच्या जुन्या वैद्यांचा सोमल ज्याच्यापासून होतो ते द्रव्य. निवळीपुढे ते हार जात नाही, कारण ते तरंगत नसते, विरघळलेले असते.

आता या आर्सेनिकाचीच एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यातली नायिका आमच्या ओळखीची निघाली. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात लाकडाला वाळवी लागू नये म्हणून त्यावर तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण चढविण्याचा एक कारखाना होता. तो बंद पडला. जमीन मात्र आर्सेनिकाने माखलेली राहिली. फ्लोरिडा विद्यापीठातील लेना मा आणि त्यांचे सहकारी तेथे उगवलेल्या वनस्पती एकामागून एक तपासीत गेले. जेथे गवतही जपून वाढत होते तेथे एक नेचा आनंदाने पसरला होता. २००१ साली नेचर या नियतकालिकात त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हा नेचा मुळांवाटे आर्सेनिक शोषतो आणि मुळात न ठेवता पानांत चढवितो. प्रयोगात वाळलेल्या पानांच्या वजनाच्या सुमारे २ टक्के इतके आर्सेनिक त्याच्यात साठलेले आढळले. त्याचे शास्त्रीय नाव प्टेरिस व्हिट्टाटा. चुन्याची आवड असलेली ही वनस्पती जुन्या भिंतींच्या सांध्यांत उगवते. सह्याद्रीत ती मुबलक आहे. चुन्यात बांधलेल्या जुन्या विहिरींच्या कठड्यांतून, देवळांच्या आवारांतून पावसाळ्यात जे लांबट, शिडीसारख्या पानांचे नेचे डोकावतात, त्यांत ती वारंवार आढळते. ज्या झुडपाला आमच्या बायका कठडा साफ करताना उपटून टाकतात, त्याची किंमत फ्लोरिडात कळली. (आपल्या अंगणातली वस्तू परक्याने उचलून दाखविल्याखेरीज आपणांस दिसत नाही, हा अनुभव विज्ञानातच येतो असे नाही; भाषेतही येतो. असो.)

परंतु त्या मुलाने येथेही विचारलेच असते : पानांत चढले, मग पुढे? पाने गळून तेथेच कुजली तर आर्सेनिक पुन्हा जमिनीत जाईल. म्हणून ती कापावी लागतात आणि विषारी कचरा समजून बंदोबस्ताने ठेवावी लागतात. पुन्हा नेचा उगवतो, पुन्हा कापावयाचा, असे वर्षानुवर्षे. म्हणजे विष नाहीसे झाले नाही. एकराच्या मातीत विखुरलेले होते ते पोतेभर पानांत गोळा झाले, एवढेच. पण हे ‘एवढेच’ लहान नव्हे. विखुरलेल्या वस्तूला कुलूप लावता येत नाही, गोळा केलेल्या वस्तूला लावता येते.

काही विषांच्या बाबतीत उत्तर याहून समाधानकारक मिळते. यंत्रांच्या सुट्या भागांवरचे तेल धुण्यासाठी कारखान्यांतून क्लोरीनयुक्त द्रावके वापरीत. ती जमिनीत मुरली की भूजलात दशकानुदशके राहतात. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात १९८०च्या दशकात एक विद्यार्थी एवढेच पाहत होता की भूजलाचे नमुने घेण्याची साधने कोणत्या पदार्थाची असावीत. धातूच्या सहवासात ठेवलेल्या पाण्यातले द्रावक कमी होत गेले. दुसऱ्या कोणी हा नमुना बिघडला म्हणून टाकून दिला असता. प्राध्यापक रॉबर्ट गिलहॅम यांनी त्या ‘बिघडण्या’चाच पाठपुरावा केला. लोखंड गंजते तेव्हा ते इलेक्ट्रॉन देऊन टाकते. ते द्रावकाच्या रेणूला मिळाले की क्लोरीन सुटा होऊन मिठातल्या क्लोराइडासारखा निरुपद्रवी होतो व बाकीचा भाग साधे वायू बनून जातो. १९९१ साली ऑन्टॅरिओ प्रांतातील बोर्डन येथील लष्करी तळावर वाळू आणि लोखंडाचा कीस यांची एक भिंत जमिनीखाली, भूजलाच्या वाटेत, पुरून पाहिली. पाणी आपल्या चालीने येते, भिंतीतून झिरपते आणि द्रावक मागे सोडून पुढे जाते. पंप नाही, इंजिन नाही. येथे ‘गेले कुठे’ याचे उत्तर ‘मोडून गेले’ असे देता येते. आर्सेनिक किंवा शिसे यांच्याविषयी तसे कधीच म्हणता येत नाही, कारण ती मूलद्रव्ये आहेत. त्यांना मोडणारा हातोडा रसायनशास्त्राजवळ नाही.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील एक काम आम्हांस याच संदर्भात विशेष वाटले. ही संस्था १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून स्थापन झाली. तिचे संस्थापक-संचालक वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मालवणचे, म्हणजे आमच्याच किनाऱ्याचे. तेथील संशोधकांनी आर्सेनिकाचे रूप पालटणारा एक सूक्ष्म जीवाणू अभ्यासला आणि २००२ साली त्याविषयी लिहिले. भूजलात आर्सेनिक दोन रूपांत असते. त्यांतले एक रूप विद्युत्भाररहित असल्यामुळे गाळण्यांना चुकवून निसटते, आणि तेच अधिक विषारी. जीवाणू त्याला दुसऱ्या रूपात आणतो. मग ते गाळणीत अडकते. चोराला पकडता येत नाही तर त्याच्या पायात घुंगूर बांधावेत, तसा हा प्रकार आहे.

हे सारे दूरचे झाले. आता घराकडे वळतो.

आमच्या तालुक्याचे जुने नाव सुपा. ते सुपे गाव १९८०च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, हे विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांकडून ऐकलेच असेल. या सुपा-दांडेलीच्या जंगलपट्ट्यात एके काळी मॅंगनीजच्या खाणी चालत. त्या थांबल्या. खाण थांबते म्हणजे काय होते? माणसे जातात, खटारे जातात. मागे राहतात ते खड्डे आणि खनिज काढून टाकलेल्या दगडमातीचे ढीग. अशा ढिगाला माती म्हणणे हे मातीचा अपमान करणे आहे. तिच्यात पालापाचोळ्याचा अंश नसतो, गांडूळ नसते, ओलावा टिकत नाही. उन्हात धूळ उडते, पावसात ती ओहोळात उतरते. मॅंगनीज अत्यल्प प्रमाणात वनस्पतींस व माणसांस लागते. पण पिण्याच्या पाण्यात ते दर लिटरास ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे असे भारतीय मानक सांगते.

असेच ढीग नागपूर जिल्ह्यात सावनेर तालुक्यातील गुमगाव येथे मॅंगनीजच्या खाणीपाशी होते. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, जिला सर्वजण नीरी म्हणतात, ती १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी स्थापन झाली आणि १९७४ साली तिला हे नाव मिळाले. डॉ. आशा जुवारकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे या ढिगांचा विचार केला तो वैद्याच्या पद्धतीने. उजाड ढिगावर रोप लावले तर ते मरते. पाणी घातले तरी मरते. का मरते? कारण मोठ्या झाडाच्या मुळाशी राबणारे अदृश्य मजूर तेथे नसतात. हवेतला नत्र मुळांस मिळवून देणारे जीवाणू, आणि मुळांच्या केसांना जोडले जाऊन दूरचा स्फुरद व ओलावा ओढून आणणारी मायकोरायझा नावाची बुरशी, हे ते मजूर. ते प्रयोगशाळेत निवडावयाचे, वाढवावयाचे, ढिगात खड्डे खणून शेणखत किंवा साखर कारखान्यात रस गाळल्यावर उरणारा गाळ यांसारखे सेंद्रिय द्रव्य भरावयाचे, आणि त्या खड्ड्यात मजुरांसकट रोप लावावयाचे. साग, शिसम, कडुनिंब अशी माहितीचीच झाडे. चंद्रपूरजवळ पद्मापूर येथील कोळशाच्या खाणीचा ढीग आणि नागपूरजवळ खापरखेडा येथील वीजकेंद्राच्या राखेचा ढीग यांवरही हीच रीत त्यांनी चालविली. त्यांचे वृत्तांत २००८ साली प्रसिद्ध झाले. साखर कारखान्याला नको असलेली वस्तू खाणीच्या नकोशा ढिगावर नेऊन दोहोंचे रान करावयाचे, ही कल्पना आम्हांस फार आवडली. घरोघरी पोळ्यांचा कुस्करा करणाऱ्या गृहिणीला ती मुळीच नवीन वाटणार नाही.

मग मॅंगनीज गेले कुठे? कुठेच गेले नाही. ते ढिगातच आहे. पण मुळांनी माती बांधली, पानांनी पावसाचा मार झेलला, धूळ उडावयाची कमी झाली, ओहोळात उतरणारे प्रमाण घटले. काही विषांना बाहेर काढता येत नाही आणि मोडताही येत नाही. त्यांना जागच्या जागी धरून ठेवणे हीच त्यांची चिकित्सा. आमच्याकडे पाऊस विदर्भाच्या कितीतरी पट अधिक आणि जंगल शेजारीच उभे असल्यामुळे निसर्ग हे काम पुष्कळसे आपण होऊन करतो, हे आमचे भाग्य. परंतु आमच्या डोंगरांतून निघालेले पाणी काळी नदीत, तेथून सुपा जलाशयात आणि पुढे कारवारला समुद्रात जाते. आमच्या वर कोणी नाही, सारे खाली आहेत. आमच्या ओहोळात जे पडेल ते कोणाच्या तरी घागरीत जाणार.

येथे आम्हांस कुळागरांची गोष्ट काढणे भाग आहे, आणि ती काढताना थोडा संकोच होतो, कारण हे मासिक ज्या घरांत वाचले जाते त्यांतल्या पुष्कळांची चूल सुपारीवर पेटते. सुपारीच्या घडांना पावसाळ्यात कोळेरोग लागतो. एका आठवड्यात घडच्या घड कुजून गळतात. त्यावर जो निळा फवारा मारतात तो फ्रान्समधल्या बोर्दो विद्यापीठातील प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ साली द्राक्षांसाठी जगापुढे मांडला. म्हैसूर संस्थानात शेतकीखात्याचे काम पाहणारे लेस्ली कोलमन या कॅनडातून आलेल्या शास्त्रज्ञाने १९१०च्या सुमारास कोळेरोगाचा अभ्यास केला आणि तो फवारा सुपारीवर आणला. मलनाडच्या कित्येक बागा त्यामुळे वाचल्या. मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर, हे प्रमाण आमच्या मुलांना पाढ्यांसारखे पाठ असते.

एके दिवशी आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. मोरचुदात चौथा हिस्सा तांबे. समजा, एका एकराच्या बागेला एका फवारणीस १००० लिटर मिश्रण लागले, तर १० किलो मोरचूद, म्हणजे अडीच किलो तांबे. पावसाळ्यात दोन फवारण्या धरल्या तर ५ किलो. चाळीस वर्षांत २०० किलो. तांबे हे मूलद्रव्य. ते कुजत नाही, उडत नाही. घडांवरून ओघळते, मातीतल्या सेंद्रिय अंशाला चिकटते आणि बहुतेक वरच्या थरातच राहते. गांडुळांना आणि त्या अदृश्य मजुरांना ते मानवत नाही. फ्रान्समधल्या जुन्या द्राक्षमळ्यांची हीच अडचण झाली, आणि युरोपीय संघाने २०१९ पासून शेतात टाकावयाच्या तांब्यावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरीने वर्षाला ४ किलो, अशी मर्यादा घातली. आमच्या फळ्यावरचे ५ किलो एकराचे होते. मुलांनी हेक्टरी काढले तेव्हा आकडा १२ च्या वर गेला. आमचा हिशेब समजुतीचा होता, कोणाच्या बागेचा नव्हता; तरीही वर्ग काही क्षण गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी एका मुलीने आपल्या आजीचे उत्तर आणले. आजी म्हणाल्या होत्या, “मास्तरांना सांग, फवारलं नाही तर सुपारी गळेल. मग तुझी पुस्तकं कोण आणणार?” आजींचे म्हणणे आम्हांस डावलता येत नाही. फवारा बंद करा असे सांगण्याचा अधिकार ज्याच्या पगाराला कोळेरोग लागत नाही त्याला नाही. पण आजींच्या बागेत किती तांबे साठले आहे, हे आजींना ठाऊक असावे की नसावे? मोजल्याशिवाय अधिक की उणे हे कळत नाही. अधिक निघाले तर शेणखत, पालापाचोळा आणि बेताचा चुना यांनी ते मातीत बांधून ठेवता येते, मुळांच्या तावडीतून दूर राखता येते. घडांना पिशव्या बांधून फवारा वाचविणारेही शेतकरी आहेत. बाहेर काढण्याची युक्ती निघेल तेव्हा निघेल. नेचासारखी एखादी तांबेखाऊ वनस्पती कदाचित् याच रानात कोणाच्या कठड्यावर उगवलेलीही असेल.

तर नववीच्या मुलांनी एक वही घातली आहे. घरोघर मोरचूद किती आणले, किती लिटर फवारले, बाग किती वर्षांची, एवढेच तीत लिहावयाचे. नाव लिहावयाचे नाही, कारण हा बागांचा हिशेब आहे, माणसांचा नव्हे. काही घरांनी आकडे दिले, काहींनी “आठवत नाही” म्हटले, एका घराने मुलाला शेतातच कामाला लावून परत पाठविले. मातीचे नमुने धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाकडे पाठवावयाचे ठरले आहे. ते कसे घ्यावयाचे हे मुले आता आमच्यापेक्षा चांगले जाणतात : बागेत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खणावयाचे, माती एकत्र करून तिचे चार भाग करावयाचे, समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकावयाचे, असे अर्धा किलो उरेपर्यंत. उन्हात वाळवावयाचे नाही. सध्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, जुन्या वर्तमानपत्रांवर, अकरा ढिगल्या सावलीत वाळत आहेत. प्रत्येकीवर एक क्रमांक आहे. बारावी ढिगली काल आली. ती आजींच्या बागेतली आहे, आणि ती आजींनी स्वतः खणून दिली आहे.